तेलाचें बांधकाम आणि माणसाचा जीव

१७ मे २०२१ ह्या दिवशीं मुंबईपासून सुमारें ६५ किलोमीटरांवर, हीरा नांवाच्या तेलक्षेत्राजवळ, 'पी-३०५' ह्या बार्जवर २६१ माणसें होतीं. बार्ज म्हणजे सपाट बुडाची, स्वतःचें चालकयंत्र नसलेली, दुसऱ्या बोटीनें ओढून न्यावयाची मोठी नाव. समुद्रांतल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मांवर दिवसभर वेल्डिंग करणाऱ्या, नळ जोडणाऱ्या, रंग देणाऱ्या माणसांनीं रात्रीं निजावें कोठें, तर ह्या बार्जवर. तौक्ते चक्रीवादळांत तिचे नांगर सुटले, ती वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळली आणि त्या संध्याकाळीं बुडाली. नौदलानें रात्रभर झगडून पुष्कळांना पाण्यांतून काढलें. तरी सत्तरांहून अधिक माणसें गेलीं. त्याच दिवशीं आपण मुंबईकर खिडक्या घट्ट लावून, वाऱ्याचा आवाज ऐकत, गॅस पेटवून चहा करीत होतों. तो गॅस जेथून येतो तेथलींच हीं माणसें.

वर्तमानपत्रांनीं ह्या गोष्टीला अपघात म्हटलें. कोणी निसर्गाचा कोप म्हटलें. आपल्या भाषेंत अशा वेळीं बोलावयाला शब्द फार सोयीचे आहेत. काळ आला होता, वेळ भरली होती, असें म्हणून आपण मोकळे होतों. मला आज आपणांपुढें जी हकीकत मांडावयाची आहे ती ह्या सोयीच्या शब्दांच्या विरुद्ध जाणारी आहे. तेलाच्या बांधकामावर माणूस कोठें झोंपणार, त्याच्या शेजारीं दुसरें कोणतें काम चालू असणार आणि धोका दिसल्यास 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, ह्या गोष्टी तो माणूस कामावर रुजू होण्याच्या कित्येक महिने, कधीं कित्येक वर्षें, आधीं एखाद्या टेबलावर ठरून गेलेल्या असतात. हें कळावयाला जगाला साठ वर्षें लागलीं, आणि प्रत्येक धड्याची किंमत माणसांनीं दिली.

आरंभ उत्तर समुद्रापासून करूं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर, १९६५ च्या सप्टेंबरांत ब्रिटिश पेट्रोलियमच्या 'सी जेम' नांवाच्या तराफ्यानें समुद्राच्या तळाखालीं वायु शोधून काढला. ब्रिटनच्या वांट्याच्या समुद्रांत सांपडलेला हा पहिलाच वायु. त्यामुळें देशभर आनंदीआनंद झाला. हा तराफा मूळचा तराफा नव्हताच. एका जुन्या पोलादी बार्जला पाय बसवून त्याला समुद्रांत उभें केलें होतें. नाताळ उलटून दोन दिवस झाले होते. २७ डिसेंबरला तराफा दुसऱ्या जागीं हलविण्याची तयारी चालू असतां पायांना धरून ठेवणारे पोलादी दांडे थंडींत काचेसारखे तुटले. तराफा कलंडला. त्यावरील ३२ माणसांपैकीं १३ मेलीं. बिनतारी संदेशाची खोलीहि समुद्रांत गेली, म्हणून साहाय्याची हांक मारावयालाहि साधन राहिलें नाहीं. जवळून जाणाऱ्या 'बाल्ट्रोव्हर' ह्या मालवाहू जहाजानें तो प्रकार डोळ्यांनीं पाहिला म्हणून बाकीचे वांचले. आपण रेडिओ ऐकणारीं माणसें आहोंत. त्या एका खोलीचें मोल आपणांस निराळें सांगावयाला नको.

चौकशींत पोलादाचा दोष निघाला तसा दुसराहि एक निघाला. जहाजावर कप्तान असतो. त्याचा शब्द अखेरचा, आणि तो कायद्यानें अखेरचा. तराफ्यावर मात्र असा निर्विवाद अधिकारी कोणी नव्हता, कारण कायद्याच्या दृष्टीनें तराफा हें जहाजहि नव्हतें आणि कारखानाहि नव्हता. सहा वर्षांनीं, १९७१ सालीं, ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून प्रत्येक समुद्री ठाण्यावर एक जबाबदार व्यवस्थापक असलाच पाहिजे असें ठरविलें.

बांधकामांतली चूक किती दूरचा प्रवास करते ह्याचें एक उदाहरण येथेंच सांगून टाकतों. १९८० च्या २७ मार्चला नॉर्वेच्या समुद्रांत 'अलेक्झांडर किलंड' हें मजुरांचें तरंगतें वसतिगृह उलटलें आणि २१२ पैकीं १२३ माणसें बुडालीं. तपास करणाऱ्यांना मोडलेल्या आडव्या नळीवरच्या एका लहानशा वेल्डपाशीं तडा सांपडला, आणि त्या तड्याच्या आंत रंग सांपडला. म्हणजे तें वसतिगृह चार वर्षांपूर्वीं फ्रान्सच्या गोदींत रंगविलें गेलें तेव्हांच तडा तेथें होता. रंगाऱ्यानें त्यावरून कुंचला फिरविला होता.

परंतु ह्या विषयांत जें नांव सर्वांच्या तोंडीं आहे तें 'पायपर अल्फा' होय. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनपासून सुमारें १९० किलोमीटर ईशान्येस उभा असलेला हा प्लॅटफॉर्म १९७६ पासून तेल काढीत होता. त्याची मूळ आंखणी शहाणपणाची होती. सर्वांत धोक्याचीं यंत्रें एका टोंकाला आणि माणसांच्या राहण्याच्या खोल्या दुसऱ्या टोंकाला, असा तो क्रम होता. पुढें तेलाबरोबर निघणारा वायु जाळून टाकूं नये, तो दाबून किनाऱ्यावर पाठवावा, असें ठरलें आणि वायु दाबण्याचीं यंत्रें मागाहून आणून बसविण्यांत आलीं. जागा मिळाली ती नियंत्रण-खोलीच्या शेजारीं. मधल्या भिंती तेलाची आग थोपविण्यासाठीं बांधलेल्या होत्या. वायूच्या स्फोटाचा धक्का त्या सोसतील असें कोणी गृहीत धरलेलें नव्हतें, कारण त्या बांधल्या तेव्हां तेथें वायु दाबण्याचें काम नव्हतेंच. नवें यंत्र आलें, पण जुन्या भिंतीला कोणीं विचारलें नाहीं. आपल्या जुन्या वाड्यांवर मजला चढवितांना पायाला किती लोक विचारतात?

१९८८ च्या उन्हाळ्यांत त्या प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीचीं व नव्या बांधणीचीं कामें जोरांत चालू होतीं आणि तेल-वायूचें उत्पादनहि चालूच ठेवलें होतें. वर असलेल्या २२६ माणसांपैकीं बहुतेक ठेकेदारांकडचीं होतीं. ६ जुलैला दिवसपाळीनें एका पंपाची सुरक्षा-झडप तपासणीसाठीं काढून नेली आणि नळीच्या उघड्या तोंडावर एक चकती बसविली. संध्याकाळपर्यंत झडप परत बसविण्याचें काम पुरें झालें नाहीं. तें दुसऱ्या दिवसावर टाकलें गेलें. आतां अशा प्रत्येक कामासाठीं परवाना काढावयाचा नियम तेथें होता आणि परवाना काढलेलाहि होता. मात्र पंपाच्या दुरुस्तीचा परवाना वेगळा आणि झडपेचा वेगळा, दोहोंत एकमेकांचा उल्लेख नाहीं. आणि अर्धवट राहिलेल्या कामाचे परवाने नियंत्रण-खोलींत न राहतां सुरक्षा-विभागाच्या खोलींत जात. पाळी बदलतांना झडपेविषयीं तोंडीं बोलणेंहि झालें नाहीं. रात्रीं पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला. तो चालेना, तेव्हां रात्रपाळीच्या माणसांनीं पहिला पंप सुरू करण्याचें ठरविलें. त्यांच्या समोर जो कागद होता त्यावरून त्यांत चूक कांहींच दिसत नव्हती. दहा वाजतां स्फोट झाला.

पुढचा भाग सांगतांना मन कचरतें, परंतु आंखणीचा खरा अर्थ त्यांतच आहे. आग विझविण्यासाठीं समुद्राचें पाणी खेंचणारे पंप आपोआप सुरू व्हावयाचे. पण पाणबुडे खालीं काम करीत असतां ते पाण्याबरोबर आंत ओढले जाऊं नयेत म्हणून पंप हातानें चालविण्याच्या स्थितींत ठेवण्याची तेथें चाल होती. एका कामगाराच्या जिवाची काळजी दुसऱ्या दोनशें जणांच्या जिवावर उठली, कारण दोन्ही काळज्या एकाच कागदावर कधीं मांडल्या गेल्या नव्हत्या. स्फोटानें नियंत्रण-खोली निकामी झाली, आणि आज्ञा देणारेंच ठिकाण गेलें. पायपरला नळांनीं जोडलेले शेजारचे दोन प्लॅटफॉर्म, 'टार्टन' आणि 'क्लेमोर', आग दिसत असूनहि कांहीं वेळ तेल-वायु सोडीत राहिले. तें थांबविण्याचा अधिकार आपला कीं वरिष्ठांचा ह्या संशयांत त्यांचे अधिकारी पडले. दहा वाजून वीस मिनिटांनीं टार्टनकडून येणारा वायूचा नळ फुटला. कामगार शिकवणीप्रमाणें राहण्याच्या खोल्यांत जमले आणि हेलिकॉप्टरची वाट पाहूं लागले. धुरामुळें हेलिकॉप्टर उतरणें शक्यच नव्हतें. वाट पाहणारे बहुतेक तेथेंच गुदमरून मेले; आज्ञा मोडून समुद्रांत उड्या टाकणाऱ्यांपैकीं पुष्कळ वांचले. एकंदर १६७ माणसें गेलीं, त्यांत सोडवावयास आलेल्या बोटीवरचीं दोन होतीं.

ह्या दुर्घटनेच्या एक वर्ष आधीं, वायूच्या नळाची आग दीर्घ काळ चालल्यास प्लॅटफॉर्म टिकणार नाहीं आणि माणसें बाहेर पडूं शकणार नाहींत, असें एका अहवालांत मालक-कंपनीला कळविलेलें होतें. असें घडण्याचा संभव फार थोडा, म्हणून तो बाजूला ठेवला गेला. लॉर्ड कलन ह्या स्कॉटिश न्यायाधीशांनीं केलेल्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबर १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत १०६ शिफारशी आहेत. त्यांचा गाभा मात्र एका वाक्यांत सांगतां येतो: सरकारनें नियमांची यादी द्यावी आणि मालकानें तिच्यावर खुणा करीत जावें, ही पद्धत सोडावी, आपल्या ठाण्यावर कोणते मोठे धोके आहेत आणि त्यांतून माणसें जिवंत कशीं राहणार, हें मालकानेंच लेखी सिद्ध करून दाखवावें व तें मान्य झाल्याशिवाय काम चालूं देऊं नये. १९९२ सालीं ब्रिटननें हा कायदा केला. त्याच्या आधीं, १९९१ सालींच, समुद्रांतील सुरक्षिततेचें खातें तेल-उत्पादन वाढविण्याची जबाबदारी असलेल्या मंत्रालयाकडून काढून स्वतंत्र संस्थेकडे दिलें गेलें होतें. उत्पादन वाढवा असें सांगणारानेंच थांबा असेंहि सांगावें, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाहीं.

त्याच १९९२ सालीं युरोपीय समुदायानें सर्वच बांधकामांसंबंधीं एक निर्देश काढला. त्याच्या प्रस्तावनेंत एक विधान आहे, तें ह्या क्षेत्रांतल्या प्रत्येकानें भिंतीवर लावून ठेवण्याजोगें आहे. बांधकामावर होणाऱ्या निम्म्याहून अधिक अपघातांत, आराखडा तयार होत असतांना केलेल्या चुकीच्या निवडींचा किंवा कामाच्या निकृष्ट आंखणीचा वांटा असतो, असा त्याचा आशय. म्हणजे पडलेल्या माणसाच्या पायांत चप्पल होती कीं बूट, डोक्यावर टोप होता कीं नव्हता, ही चौकशी अर्ध्याच प्रश्नाची झाली. म्हणून त्या निर्देशानें बंधन घातलें कीं, जेथें अनेक ठेकेदार एकत्र काम करणार तेथें आराखड्याच्या वेळीं एक आणि प्रत्यक्ष कामाच्या वेळीं एक असा सुरक्षितता पाहणारा समन्वयक नेमावा, आणि कामाची जागा उघडण्यापूर्वींच सुरक्षिततेचा आराखडा तयार असावा. ब्रिटननें १९९४ सालीं आपले नियम ह्या धर्तीवर केले.

आतां कोणी म्हणेल कीं, कागद वाढले, दुसरें काय झालें? हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. पायपरवर कागद कमी नव्हते. शिवाय हें सर्व समुद्राचें झालें. जमिनीवर, शहराच्या कडेला, पळून जावयाला रस्ता असतांना, इतकी आंखणी कशाला, असाहि समज होता. त्याचें उत्तर अमेरिकेंतल्या टेक्सास सिटी ह्या गांवीं मिळालें.

तेथें ब्रिटिश पेट्रोलियमचाच एक प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना होता. २००५ च्या आरंभीं त्याच्या एका विभागाच्या मोठ्या दुरुस्तीचें काम निघालें. अशा कामाला शेंकडों माणसें बाहेरून येतात. त्यांच्या मुकादमांना, हिशेबनिसांना, इंजिनियरांना बसावयाला जागा लागते. त्यासाठीं चाकांवर आणून ठेवावयाच्या लांकडी खोल्या मिळतात. त्या कोठें ठेवावयाच्या? कामाच्या जवळ, म्हणजे जाण्यायेण्यांत वेळ मोडत नाहीं. त्याप्रमाणें एक दुहेरी खोली दोन विभागांच्या मधल्या मोकळ्या जागेंत आणून ठेवली गेली. शेजारच्या विभागांत, तिच्यापासून १२१ फुटांवर, एक जुना उंच धुराडेवजा नळकांडा होता. यंत्रांत जास्त झालेलें द्रव्य त्यांतून उघड्या हवेंत सुटत असे. अशा खोलीच्या जागेची छाननी करावी असा कंपनीचाच नियम होता. ती छाननी पुरी होण्यापूर्वींच खोलींत माणसें बसूं लागलीं.

२३ मार्चला दुपारीं त्या शेजारच्या विभागांतला बंद असलेला मनोरा पुन्हां सुरू करण्यांत येत होता. मनोरा सुरू करण्याची वेळ ही अशा कारखान्यांत सर्वांत धोक्याची असते. खोल्यांतल्या माणसांचा त्या मनोऱ्याशीं कांहीं संबंध नव्हता, आणि तो सुरू होत आहे हें त्यांना कोणीं कळविलेंहि नव्हतें. त्या दिवशीं त्या ठेकेदाराच्या माणसांना एक मेजवानी होती. कशाबद्दल? एक महिन्यांत कोणाचाहि कामाचा दिवस बुडेल अशी इजा झाली नाहीं, ह्या सुरक्षिततेबद्दल. जेवून तीं माणसें परत आपल्या खोल्यांत आलीं. मनोरा मर्यादेबाहेर भरला. द्रव नळकांड्यांतून कारंज्यासारखा उडाला. त्याची वाफ जमिनीवरून पसरली. जवळ चालू ठेवलेल्या एका मोटारीच्या यंत्रानें ती पेटली. १५ माणसें मेलीं, १८० जखमी झालीं. मेलेलीं पंधराहि माणसें ठेकेदारांकडचीं होतीं आणि तीं त्या खोल्यांत किंवा खोल्यांच्या आसपास होतीं. मनोरा चालविणारांपैकीं एकहि मेला नाहीं.

मला ह्या हकीकतींत मेजवानीचा भाग सर्वांत विचार करावयाला लावणारा वाटतो. तीं माणसें स्वतःला फसवीत नव्हतीं. बोटें चिरडलीं नाहींत, कोणी शिडीवरून पडला नाहीं, हें खरेंच होतें आणि आनंदाचेंहि होतें. पण चिरडलेल्या बोटांच्या मोजणीवरून मनोरा फुटेल कीं नाहीं हें कळत नाहीं. जेम्स बेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें जानेवारी २००७ मध्यें हेंच सांगितलें: माणसाच्या किरकोळ इजा कमी झाल्या म्हणजे कारखान्याची प्रक्रियाहि सुरक्षित झाली, अशी कंपनीची चुकीची समजूत झाली होती. अमेरिकेच्या पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनें त्याच वर्षीं हलत्या खोल्या कोठें ठेवाव्या ह्यासंबंधीं स्वतंत्र नियम तयार केले. ज्या माणसाचें काम धोक्याच्या यंत्रापाशीं नाहीं त्याला तेथें बसवूंच नये, हें त्यांतलें मुख्य तत्त्व. इतकें साधें तत्त्व लिहून काढावयाला २००७ साल उजाडावें लागलें.

त्याच २००५ सालीं ही हकीकत आपल्या दाराशीं आली. २६ जुलैचा तो महापूर मुंबईकर विसरणार नाहींत. म्हणूनच कदाचित् दुसऱ्या दिवशींची आग विसरली गेली. २७ जुलैला मुंबई हाय क्षेत्रांत एका आधार-जहाजावरच्या आचाऱ्याच्या बोटांना इजा झाली. पुरामुळें हेलिकॉप्टरें उडूं शकत नव्हतीं. त्याला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणलें, तें लाटांनीं भडकून समुद्रतळाकडून वर येणाऱ्या वायूच्या नळीवर आदळलें आणि पाहतां पाहतां सारा 'बॉम्बे हाय नॉर्थ' जळून गेला. २२ माणसें गेलीं. त्या नळ्या प्लॅटफॉर्मच्या चौकटीच्या बाहेरच्या बाजूस होत्या, आणि त्यांच्या भोंवतालचे कठडे लहान बोटींचा धक्का सोसण्यापुरतेच होते. नळी कोठून वर न्यावी हें ज्यानें कागदावर आंखलें, त्याला पंचवीस वर्षांनंतरचें तें मोठें जहाज आणि तो आचारी कसा दिसावा? परंतु जहाजें मोठीं होत गेलीं तेव्हां तो कागद पुन्हां उघडणें मात्र कोणाच्या तरी हातीं होतें. तीन वर्षांनीं, २००८ सालीं, समुद्रांतील तेल-वायूच्या कामांच्या सुरक्षिततेचे नियम भारत सरकारनें केले आणि त्यांच्या अंमलबजावणीचें काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे सोंपविलें.

त्यानंतर तेरा वर्षांनीं पी-३०५ बुडाली. वादळाचे इशारे हवामानखातें ११ मेपासून देत होतें. वादळाच्या मार्गांतलीं इतर अनेक जहाजें किनाऱ्याकडे वळलीं. ही बार्ज प्लॅटफॉर्मपासून थोडी दूर सरकवून तेथेंच नांगरून ठेवण्यांत आली. तिला स्वतःचें यंत्र नव्हतें, म्हणजे निघावयाचें तर ओढणारी टग आधीं बोलवावी लागणार, म्हणजे काम आधीं बंद करावें लागणार, म्हणजे पावसाळ्यापूर्वींच्या मोजक्या दिवसांतले कांहीं दिवस बुडणार. अशा निर्णयाचा भार वादळ दिसूं लागल्यावर एका कप्तानावर किंवा एका ठेकेदारावर टाकणें हीच आंखणींतली चूक होय. वारा किती झाला म्हणजे काम थांबवावयाचें, बार्ज किती दिवस आधीं बंदरांत आणावयाची, त्या दिवसांचा खर्च कोणाच्या हिशेबीं लिहावयाचा, हीं कलमें कंत्राटाच्या मसुद्यांत, हिंवाळ्यांत, आकाश निरभ्र असतांना लिहावयाचीं असतात.

मृतदेह मुंबईला आणले गेले तेव्हां त्यांतले पुष्कळ ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन ते जुळवावे लागले, आणि त्यांतले कांहीं जण कित्येक दिवस मुंबईंत वाट पाहत राहिले.